एकोणीस मापाऱ्यांचे रान

एका राज्यात उंचीला मोठा मान होता. झाड तोडायचे तर आधी त्याची उंची दरबारात सांगावी लागे, घर बांधायचे तर भिंतीची, आणि मुलीला स्थळ आले तर नवऱ्या मुलाची. म्हणून त्या राज्यात मापारी असत. वर चढायचे नाही, शिडी लावायची नाही. जमिनीवर उभे राहून हे झाड इतके हात आणि हा बुरूज तितके हात, असे ते सांगत.

त्यांच्याजवळ तीन साधने असत. एक काटकोनी, म्हणजे दोन बाजू सारख्या असलेली त्रिकोणी पाटी आणि तिला टांगलेला ओळंबा. ओळंबा सरळ धरायचा आणि पाटीच्या तिरक्या कडेवरून शेंडा दिसेपर्यंत मागे मागे जायचे. जिथे दिसला तिथून झाडाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मोजायचे, त्यात आपल्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवायची, की झाली झाडाची उंची. दुसरी पाण्याची परात, शेंड्याचे प्रतिबिंब धरायला. तिसरी काठी, अंतर मोजायला.

काठी आठ हातांची. राजवाड्याच्या महाद्वारावर मूळ राजकाठी लोखंडी कड्यांत अडकवलेली होती. दर खंडेनवमीला राज्यातले सगळे मापारी आपापली काठी तिला लावून बघत. केसभर कमी-जास्त भरली तर तिथेच मोडून टाकत. जुळली तर तिला हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहत. मापारी जातीने संशयी. तो उन्हावर संशय घेई, उतारावर घेई, स्वतःच्या डोळ्यावर घेई. पण ज्याला फूल वाहिले त्याच्यावर संशय कोण घेणार?

त्या राज्याच्या सीमेवर एक मनोरा होता. त्याला दार होते, पण दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हते, फटसुद्धा नव्हती. आत खजिना होता आणि राज्याभिषेकाचा मुकुट होता. आताच्या उत्तुंगसेन राजाचे आजोबा मेरुसेन यांच्या काळात शंकुनाथ नावाच्या मांत्रिकाने ते दार शापाने बंद केले होते. का केले, ते कुणी बोलत नसे. तेव्हापासून राजे मुकुटाविना गादीवर बसत. शंकुनाथ मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून असे. तो जेवत नसे, झोपत नसे, आणि त्याची सावली दिवसभर एकाच जागी पडे. येईल त्याला तो तीन कामे सांगे. तिन्ही साधली तर दार उघडणार. चुकले तर करणारा उभ्या जागी झाड होणार.

एकोणीस मापारी गेले होते. मनोऱ्याभोवती एकोणीस झाडांचे रान झाले होते.

एकोणिसावा होता हैबती. भिवरा ही त्याची बायको.

दोघे कामाला बरोबर जात. काठी ती धरी, नेम तो धरी. एकदा एका गावात एक हिरडा पाडायचा होता आणि हैबती उंचीत डोळा मिळवायला विसरला. झाड सांगितल्यापेक्षा दोन पावले पुढे पडले आणि गोठ्याचे आढे मोडले. जनावरे बाहेर होती म्हणून बरे. भिवरा घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तुमच्या डोळ्याचा आता भरवसा नाही. दुसरं काही बघा." चौथ्या दिवशी हैबती काठी घेऊन एकटाच मनोऱ्याकडे गेला.

त्याला सात वर्षे झाली. या सात वर्षांत भिवराने मनात एकच गणित घातले, आणि त्याचे उत्तर दरवेळी एकच आले. तो पुन्हा विसरला असणार.

आता ती निघाली होती. पण मनोऱ्याकडे जायचे तर राजाची परवानगी लागे.

उत्तुंगसेन राजा उंच आसनावर बसला होता. त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कुणाच्या सांगण्यावरून आलीस?"

"कुणाच्याही नाही, महाराज."

"सात वर्षं गप्प बसलीस. आत्ताच बरी आठवण झाली?"

"सासूबाई अंथरुणाला होत्या. त्यांना टाकून येता येत नव्हतं. गेल्या महिन्यात त्या गेल्या."

राजा पुढे झुकला. मग म्हणाला, "लोक म्हणतात, तिथे माणसांची झाडं होतात. झाड काय, कुठेही उगवतं. तुझा नवरा आतल्या सोन्यावर बसलेला नाही, आणि तू त्याला भाकरी पोचवायला निघालेली नाहीस, हे मी कशावरून समजू?"

"भाकरी पोचवायची असती तर सात वर्षं उपाशी ठेवला नसता."

दरबारात कुणीतरी हसले आणि लगेच खोकले. राजा हसला नाही. त्याने तिची काठी मागवली, महाद्वाराकडे पाठवली, राजकाठीला लावून बघायला सांगितली. जुळली.

"काठी खरी आहे," राजा म्हणाला. "आता माणूस खरा निघतो का बघू. माझे दोन शिपाई लांबून तुझ्यावर नजर ठेवतील. तिसऱ्या दिवशी मी स्वतः येईन."

भिवरा चालत निघाली आणि मागून दोन शिपाई निघाले. ती थांबली की ते थांबत. दुपारी तिने त्यांना विचारले, "भाकरी खाता का?" ते एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी एकजण म्हणाला, "आधी तू खा." तिने घास मोडून खाल्ला. मग त्यांनी हात पुढे केले.

रानाशी ती पोचली तेव्हा ऊन कलले होते. झाडे निरनिराळ्या जातींची होती. ऐन, बेहडा, कुंभा, शिवण. तिने मोजली. अठरा भरली. एकोणिसाव्या जागी काळा पडलेला खुंट होता आणि खुंटावर मोठ्या वाकड्या चोचीचा एक धनेश पक्षी बसला होता.

"वीस," पक्षी म्हणाला.

"काय वीस?"

"तू विसावी."

"तू कुणाचा? मांत्रिकाचा की राजाचा?"

"माझा मी. चोच वाकडी आहे म्हणून बोलणंही वाकडं समजू नकोस."

"यातला हैबती कोणता?"

"माणसं येतात, उभी राहतात, झाडं होतात. नाव सांगायची सवड कुणाला असते? कोण कुठे उभा होता, ते माझ्या ध्यानात नाही."

"आणि हा खुंट?"

"दोन उन्हाळ्यांपूर्वी वीज पडली. दोन दिवस जळत होता."

"कोण होता?"

"तेही मला ठाऊक नाही, बाई."

पक्षी खोटे बोलत असावा, असे तिला वाटले. तो खोटे बोलत असला तर बरे, असेही वाटले. मग नको असताना तिने हिशेब मांडला, एकोणिसात अठरा उभे, एक गेलेला. मापाऱ्याचे मन गणित केल्याशिवाय राहत नाही. तिने एकेका खोडाला हात लावून बघितला. साल सगळ्यांची सालीसारखीच होती.

शंकुनाथाने डोळे उघडले.

"कशासाठी आलीस?"

"नवऱ्यासाठी."

"इथे खजिना आहे. मुकुट आहे."

"तो राजाला द्या."

"तीन कामे आहेत. चुकलीस तर झाड होशील."

"ठाऊक आहे."

"पहिले काम. ओढ्यापलीकडे दोन झाडे आहेत, एक साग आणि एक सावर. त्यांतले उंच कोणते? ओढा ओलांडायचा नाही."

भिवराने पाहिले. दोन्ही झाडे सारख्याच अंतरावर, एकाच पातळीवर, सारख्या उंचीची दिसत होती. सावर तर दोन हात वरचढच वाटत होती. एवढे सोपे काम कुणी देत नाही, हे तिला लगेच कळले. सावरीचा घेर मोठा. घेरदार झाडाची अलीकडची फांदी जवळ असल्यामुळे उंच दिसते आणि खऱ्या शेंड्याला झाकून टाकते. नवखा मापारी फांदीलाच शेंडा समजतो. भिवरा पाठीमागे चालत गेली. शंभर पावले, दोनशे पावले, मनोऱ्याच्याही मागे टेकाडावर. तिथून त्या फांदीमागचा खरा शेंडा दिसला. तो सागाच्या बराच खाली होता. तिने काटकोनी धरली, दोनदा पाहिले, आणि खाली येऊन म्हणाली, "साग."

पलीकडची सावर मान खाली घातल्यासारखी थोडी वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

"बरोबर," शंकुनाथ म्हणाला. "दुसरे काम उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका ताडाकडे बोट केले. तो ताड सपाट जमिनीवर एकटाच उभा होता.

"मी हा पाडणार आहे. तो पूर्वेला पडेल. शेंडा जिथे टेकेल तिथे हा दगड ठेव."

भिवराला तो हिरडा आठवला. हेच ते. इथेच तो चुकला असणार. तिने ओळंबा सरळ धरला, पूर्वेला मागे मागे गेली, पाटीच्या कडेवर ताडाचा शेंडा टेकला तिथे थांबली. मग कमरेची दोरी सोडली, टाच खाली एका टोकावर ठेवली आणि दुसरे टोक डोळ्यापर्यंत ताणून गाठ मारली. तेवढी दोरी तिने आणखी मागे जमिनीवर पसरली आणि गाठीपाशी दगड ठेवला.

शंकुनाथाने चुटकी वाजवली. ताड पडला. गाय जशी पाण्याला नाक लावते तसा त्याचा शेंडा दगडाला लागून थांबला. क्षणभराने ताड उठून पुन्हा जागेवर उभा राहिला.

"त्यानंही दगड तिथेच ठेवला होता," धनेश वरून म्हणाला.

"कुणी?"

"एकोणिसाव्यानं. त्यालाही हाच ताड होता."

भिवरा वळली. "डोळा मिळवला होता त्यानं?"

"दोरी तीन वेळा मोजली. तिसऱ्या वेळी स्वतःशीच बोलला, आता तरी ती बोल लावणार नाही."

भिवराने दोरी गुंडाळली. गुंडाळलेली पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. पक्षी तिच्या मनातले ओळखून तिला गोड वाटेल ते सांगत असेल, असा संशय तिने घेऊन पाहिला. पण ते वाक्य हैबतीचेच होते. दुसरे कुणी ते रचू शकले नसते.

म्हणजे तो विसरला नव्हता. मग चुकला कुठे?

"तिसरे काम," शंकुनाथ म्हणाला. "या मनोऱ्याची उंची किती हात? उद्या सूर्य माथ्यावर येईपर्यंत सांग. एकदाच सांग."

दिवसभर ती राबली. काटकोनीने मोजले. अंतर आणि डोळा मिळून काठीने चौसष्ट हात भरले. परात भरून पाण्यात मनोऱ्याचे टोक धरले. चौसष्ट. काठी उभी करून तिची सावली मोजली, त्याच वेळी मनोऱ्याची सावली मोजली, प्रमाण काढले. चौसष्ट. तीन साधने, तीन वाटा, एकच मुक्काम. कुठलाही मापारी आता निर्धास्त झाला असता.

"चौसष्ट ना?" धनेश म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"सगळे तेच म्हणाले. एकोणीसच्या एकोणीस. पहिली दोन कामं कुणीच चुकलं नाही. तिसऱ्याला छाती काढून चौसष्ट म्हणाले, आणि मग काही बोलले नाहीत."

भिवरा मनोऱ्याकडे बघत बसली. एकोणीस माणसे, निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या वर्षी आलेली, एकाच आकड्याला येतात. एक चुकेल, दोन चुकतील. एकोणीस जण सारखेच कसे चुकतील? तिने शंकुनाथावर संशय घेतला. हा खोटा असेल, खरे उत्तर ऐकूनही शाप देत असेल. पण पहिल्या दोन कामांत त्याने लबाडी केली नव्हती. तिने मनोऱ्यावर संशय घेतला. हा उत्तर देते वेळी वाढत असेल. मग तिने राजावर घेतला, पक्ष्यावर घेतला, आणि शेवटी मापाऱ्याच्या रीतीप्रमाणे आपल्या हत्यारावर घेतला. काटकोनीची एक बाजू प्रवासात वाकली असेल. नवी करावी. बांबू हवा.

सकाळी ती जवळच्या गावाकडे निघाली. गावाबाहेर नदीकाठी बांबूंची रास दिसली. तिथे एक म्हातारा कोयता घेऊन बसला होता. त्याचे नाव म्हादबा. गावातल्या सगळ्या तिरड्या तोच बांधी. शिपाई ती जागा ओळखून लांबच थांबले.

"बाबा, एक सरळ बांबू द्याल? काटकोनी करायची आहे."

"घे की. पण ती काठी बाहेर ठेव. राजाची काठी मसणात आणत नाहीत. राजाला अपशकुन होतो. मेरुसेन महाराजांचा हुकूम आहे."

भिवराने काठी वाटेवर ठेवली. "मग तुम्ही माप कशावर घेता?"

"हा काय." म्हादबाने बसल्या जागचा काळा दगड थोपटला. त्यावर दोन खोल खाचा होत्या. "हा एक हात. माझ्या पणज्यापासून यावरच मापतो."

"कुणाचं करताय?"

"खालच्या आळीतला कुंभार गेला पहाटे. तिकडे रडारड चालू आहे, म्हटलं आपण बांबू तरी तोडून न्यावेत." त्याने एक बांबू दगडावर सरकवत मोजला. "साडेतीन हात, आणि वर दोन्हीकडे वीत वीत."

"साडेतीन? बुटका होता का?"

"बुटका? माझ्यापेक्षा बोटभर उंच होता."

"मग चार हात म्हणा. माणूस चार हात असतो."

म्हादबा हसला. त्याला दोनच दात होते. "जिवंतपणी असतो, बाई. इथं आला की साडेतीन."

भिवरा हसली नाही. तिने दोरी काढली, दोन खाचांमध्ये ताणली, गाठ मारली, आणि बाहेर वाटेवर जाऊन काठीला लावली. एक, दोन, तीन. सातव्या वेळी दोरी संपली तिथे काठीही संपली. आठव्या हाताला काठीच नव्हती.

तिने पुन्हा लावली. पुन्हा सात.

मग ती परत आत आली आणि दगडापाशी बसली. दगडावरही संशय घ्यायलाच हवा होता.

"ही खाच कुणी सरकवली असेल."

"कशाला?"

"कुणास ठाऊक. कुणाच्या फायद्यासाठी."

"मेलेला माणूस भांडायला येतो का, की मला अर्धा हात उंच दाखवा म्हणून?" म्हादबा कोयत्याने बांबूचे डोळे तासू लागला. "इथं खोटं माप ठेवून कुणाचं काय भलं व्हायचंय? ते तिकडे, वाड्यात."

भिवराला एकदम ऊन लागल्यासारखे झाले. मेरुसेनाने राजकाठीला मसणात यायची मनाई केली होती. अपशकुन हे निमित्त असेल. दोन मापे एका जागी आलीच नाहीत, तर ती जुळत नाहीत हे कुणाला कळणार? आणि म्हणूनच मापारी तिसऱ्याच कामाला चुकत होते. कोणते झाड उंच, हे सांगायला काठी लागत नाही. शेंडा कुठे पडेल, हे सांगायलाही लागत नाही. काठी लागते ती फक्त 'किती हात' म्हटल्यावर.

ती उठली. म्हादबाला तिने पायाला हात लावून नमस्कार केला. तो संकोचला, कारण त्याच्या पाया कुणी पडत नसे.

"बांबू नको का?"

"नको, बाबा. काटकोनी सरळ आहे."

सूर्य माथ्यावर यायला थोडा वेळ होता. राजा पालखीतून आला होता, बरोबर सैन्य होते. शंकुनाथ जागेवर बसला होता. भिवरा येऊन उभी राहिली, तसा राजा पुढे झाला.

"गावात कशाला गेली होतीस? कुणाला भेटलीस?"

"तिरडी बांधणाऱ्याला."

"उत्तर काय देणार आहेस? माझ्या वडिलांनी हा मनोरा मोजून घेतला होता, मीही घेतला. राजकाठीने चौसष्ट हात आहे. तेवढं म्हण आणि मोकळी हो."

"चौसष्ट म्हणाले ते सगळे इथं उभे आहेत, महाराज."

राजाने झाडांकडे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाला, "दुसरं काही म्हणालीस तर राजकाठी खोटी म्हटल्यासारखं होईल. त्याची शिक्षा तुला माहीत आहे."

"हात तोडतात."

"मग?"

भिवरा शंकुनाथाकडे वळली. एका बाजूला झाड होण्याची भीती होती, दुसऱ्या बाजूला हात जाण्याची. पण त्याहून मोठी भीती तिसरीच होती. तो दगडच खोटा निघाला, तर हैबती कायमचा उभा राहणार होता, आणि सात वर्षांचे तिचे उत्तर खरे की खोटे, हे सांगायला कुणीही उरणार नव्हते.

"वेळ झाली," शंकुनाथ म्हणाला. "किती हात?"

"छप्पन."

कुणी हलले नाही. वारा पडला. तिच्या पायाच्या बोटांना माती गार लागली. मुळे फुटताना असेच वाटत असेल, असे तिच्या मनात आले. शिपायांनी तलवारींच्या मुठींवर हात ठेवले.

मग दाराला फट पडली.

ती बोटभर झाली, वीतभर झाली, आणि दार पार उघडले. आत सोने होते, मुकुट होता. मुकुटाच्या शेजारी रेशमी फडक्यात गुंडाळलेला लाकडाचा एक तुकडा होता, सागवानी, हातभर लांब, एका बाजूने करवतीने कापलेला.

राजाने मुकुट उचलला नाही. त्याने तो तुकडा उचलला, बाहेर आणला, आणि भिवराच्या काठीच्या टोकाला जोडून धरला.

"बोल," तो शंकुनाथाला म्हणाला.

"मी मेरुसेनाच्या दरबारी मापांचा रखवालदार होतो," शंकुनाथ म्हणाला. "राजकाठी माझ्या ताब्यात होती. एके दिवशी त्याने ती मागून घेतली आणि कापून परत दिली. सात हातांच्या काठीला आठ हात म्हणायचे, असा हुकूम केला."

"कशासाठी?"

"चारणाने कवनात त्याला साडेतीन हातांचा म्हटले होते. त्याला चार व्हायचे होते."

"अर्ध्या हातासाठी?"

"अर्ध्या हातासाठी. कापलेला तुकडा मी मनोऱ्यात ठेवला, दार बंद केले आणि काठीला शाप दिला. तो काठीवर भरवसा ठेवणाऱ्यांना लागला, कारण काठी स्वतः झाड होऊ शकत नाही. आणि शाप देणाऱ्याला उत्तर सांगता येत नाही. मी बघत बसलो. तीच माझी शिक्षा होती."

त्याची सावली तेवढ्यात हलली, पायाखाली आली, दुपारी येते तशी. मग सावली राहिली नाही आणि तोही राहिला नाही.

राजाने आपल्या माणसांकडे पाहिले. "महाद्वारावरची काठी आजच उतरवा. आणि या बाईच्या हाताला कुणी हात लावायचा नाही." मग त्याला मुकुटाची आठवण झाली.

तिकडे रानात झाडे सैल होत होती. सालीला चिरा पडत होत्या, फांद्या खाली येत होत्या, आणि पानांतून माणसांचे खोकले ऐकू येत होते. एकेक मापारी बाहेर आला, उन्हाने डोळे बारीक करत. भिवरा प्रत्येकाचा चेहरा बघत होती. तिसरा नव्हता. सातवा नव्हता. बारावा लांबून तसा दिसला, पण नव्हता. खुंट होता तिथेच होता. तिने त्याच्याकडे बघायचे नाही असे ठरवले आणि दोनदा बघितले.

पंधरावा हैबती होता. शिवणीतून तो बाहेर पडला. एक पाय त्याला उचलता येईना, म्हणून तो हाताने उचलून पुढे टाकत होता. केस पांढरे झाले होते.

तो तिच्यासमोर येऊन थांबला. त्याने पहिला प्रश्न विचारला, तो मापाऱ्याचाच होता.

"माझं कुठे चुकलं?"

"कुठंच नाही," भिवरा म्हणाली. "काठी खोटी होती. सातच हातांची."

त्याने बोटांवर काहीतरी मोजले. आठ गुणिले सात. त्याचे ओठ हलले, छप्पन. मग तो खाली बसला.

तीही शेजारी बसली. म्हणाली, "सात वर्षं मी तुमच्यावरच संशय घेतला."

"मीही," हैबती म्हणाला. "मीही माझ्यावरच घेतला."

त्या दिवशी सगळे राज्य अर्ध्या हाताने ठेंगणे झाले, पण कुणाचाही अंगरखा सैल झाला नाही. राजाने मुकुट घातला तेव्हा कवीने त्याला साडेतीन हातांचा म्हटले आणि राजाने त्याला सोन्याचे कडे दिले. नव्या राजकाठीचे पहिले माप महाद्वारावर घेतले नाही. ते म्हादबाच्या दगडावर घेतले, आणि राजा तिथवर पायी गेला.

अठरा मापारी पुन्हा माणसांत आले होते. खुंट झालेला होता सुभानजी, बावीस वर्षांचा, डोंगरापलीकडच्या गावचा. खंडेनवमीला सगळे एकमेकांना भेटत असत, म्हणून कोण नाही ते त्यांना चटकन कळले. त्याच्या घरी जायला कुणी तयार होईना. भिवरा आणि हैबती गेले. हैबतीचा पाय अजून जड होता, म्हणून वाटेत दोन मुक्काम पडले.

सुभानजीची आई अंगणात उन्हाला तीळ वाळवत होती. भिवराने वाटेत काय काय बोलायचे ते ठरवले होते. वीज पडली, ते सांगायचे. शाप सुटला, तेही सांगायचे. पण तोंडातून आधी दुसरेच आले.

"तुमच्या मुलाचं माप बरोबर होतं, आई. त्याचं काही चुकलं नव्हतं."

म्हातारीने तीळ एका हाताने सारखे केले. मग वर बघितले.

"चुकलं असं मी कधी म्हटलं होतं?" ती म्हणाली. "बसा. उन्हातून आलात. पाणी आणते."

ती आत गेली. दोघे अंगणात बसून राहिले.

ते राज्य जसे खऱ्या मापावर आले, तसे तुमचे आमचेही येवो.